चालण्याची बातमी आणि हाताची पकड

नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरी, राइट स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, नॅन डेव्हिस नावाची एक विद्यार्थिनी वार्ताहरांसमोर काही पावले चालली. यात बातमी कसली, असे कोणी विचारील. मोटार अपघातात तिच्या मज्जारज्जूला इजा झाली होती आणि दोन्ही पाय लुळे पडले होते. त्या पायांच्या स्नायूंना संगणकाच्या हुकमानुसार विजेचे बारीक बारीक झटके देऊन प्रा. जेरोल्ड पेट्रोफ्स्की यांनी तिला उभे केले आणि चालवले. पुढे जून १९८३ मध्ये पदवीदान समारंभात ती आधार घेत पावले टाकत गेली आणि तिने पदवी स्वीकारली. वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून ही दृश्ये घरोघरी पोचली. १९८५ मध्ये या कथेवर ‘फर्स्ट स्टेप्स’ म्हणजे ‘पहिली पावले’ या नावाचा दूरचित्रपटही निघाला.

आमची तक्रार त्या तरुणीबद्दल नाही. तिच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचे काही कारणच नाही. प्रयोगही खरा होता, त्यात हातचलाखी नव्हती. आमची तक्रार आहे ती ही गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली गेली आणि आजही अशा गोष्टी ज्या पद्धतीने सांगितल्या जातात तिच्याबद्दल. ‘पहिली पावले’ म्हटले की ऐकणारा साहजिकच दुसऱ्या पावलांची वाट पाहू लागतो. मूल पहिले पाऊल टाकते आणि वर्षभरात अंगणभर धावते, हा आपला सगळ्यांचा अनुभव. म्हणजे चाकाची खुर्ची आता चार-दोन वर्षांची पाहुणी, असाच अर्थ त्या नावातून निघत होता. त्या गोष्टीला आज चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेली माणसे आजही खुर्चीतूनच हिंडतात. मग विजेने स्नायू हलवण्याची विद्या फसवी म्हणायची का? मुळीच नाही. ती उपयोगी आहे, काही ठिकाणी तर फारच उपयोगी आहे. पण तिचा उपयोग जिथे झाला तिकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत, आणि जिथे कॅमेरे वळले तिथे तिची ताकद सर्वांत तोकडी होती. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे शरीरशास्त्र आणि थोडा इतिहास पाहावा लागेल.

इतिहासाची सुरुवात आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचा पाय विजेने आखडताना पाहिला, १७९१ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला, आणि ‘प्राण्यांच्या अंगात वीज असते’ असा निष्कर्ष काढला. व्होल्टाने ते खोडून काढले, वीज दोन धातूंच्या स्पर्शातून येते असे दाखवले आणि १८०० मध्ये विद्युतघट तयार केला. वर्गात आपण ही गोष्ट इथे थांबवतो आणि गॅल्व्हानी बिचारा चुकलेला शास्त्रज्ञ म्हणून मुलांच्या लक्षात राहतो. खरे पाहता दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. चेतेतून जो संदेश जातो तो विद्युत स्वरूपाचाच असतो. बेडकाचा पाय त्या विजेचा मापक होता आणि चालकही होता. गॅल्व्हानीचा भाचा आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर घटमाला जोडून जाहीर प्रयोग केला. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात वर झाला. पाहणाऱ्यांची गाळण उडाली. या विद्येला तमाशाची सोबत पहिल्यापासूनच आहे, ती अशी.

तमाशाबाहेर काम चालू राहिले. फॅराडेने १८३१ मध्ये विद्युतप्रवर्तन शोधून काढल्यावर थोडा थोडा वेळ टिकणारे झटके देणे सोपे झाले. फ्रान्समधल्या द्युशेन या डॉक्टराने त्यांचा उपयोग करून एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला आणि १८५५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या फिजिओथेरपी केंद्रांत अजूनही ‘फॅराडिक करंट’ आणि ‘गॅल्व्हनिक करंट’ हे शब्द ऐकू येतात, ते या मंडळींची नावे घेऊनच. न्यूयॉर्कच्या कँट्रोविट्झ यांनी १९६० मध्ये दोन्ही पाय लुळे पडलेल्या रुग्णाला मांडीचे स्नायू उद्दीपित करून काही मिनिटे उभे केल्याची नोंद आहे. त्या वेळी युगोस्लाव्हियात असलेल्या ल्युब्लियाना शहरात क्राल आणि बाय्द यांचा गट १९८० च्या सुमारास हेच काम शांतपणे करत होता. त्यांची युक्ती पाहा. पाऊल उचलण्यासाठी कमरेचे, गुडघ्याचे, घोट्याचे असे अनेक स्नायू क्रमाने हलवण्याऐवजी त्यांनी एकाच चेतेला झटका दिला. पायाला काटा बोचला की आपण पाय वर ओढून घेतो ना, तीच प्रतिक्षिप्त क्रिया त्यामुळे जागी होते. मज्जारज्जूचा इजेच्या खालचा भाग जिवंत असतो, त्याच्याकडूनच त्यांनी काम करून घेतले. ‘पहिली पावले’ कोणाची हा वाद आम्हाला घालायचा नाही. पण एका चित्राने एवढी माणसे झाकली गेली, याची नोंद तरी व्हावी.

आता मुख्य प्रश्न. स्नायू विजेने हलतात, क्रमही संगणक ठरवतो, मग माणूस दिवसभर का चालू शकत नाही?

उत्तर स्नायूंच्या थकण्यात आहे. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू यांची तुलना आपण ऊसतोडीच्या टोळीशी करू. चेतापेशी हा मुकादम, स्नायूतंतू हे त्याचे मजूर. एका स्नायूत अशा शेकडो टोळ्या असू शकतात. काही टोळ्या लहान, सावकाश पण दिवसभर न थकता काम करणाऱ्या. काही टोळ्या मोठ्या, जोरकस, पण लवकर दमणाऱ्या. आपण नुसते उभे असतो तेव्हा मेंदू लहान टोळ्यांना आधी कामाला लावतो आणि मोठ्या टोळ्या जिना चढण्यासाठी, उडी मारण्यासाठी राखून ठेवतो. हा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा क्रम हेनेमन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला. शिवाय सगळ्या टोळ्या एका ठेक्यावर काम करत नाहीत. एक जोर लावते तेव्हा दुसरी सैल असते, त्यामुळे प्रत्येकीला सेकंदाला दहा-बारा संदेश मिळाले तरी एकूण ओढ मात्र सलग राहते.

बाहेरून दिलेल्या विजेला हे व्यवस्थापन ठाऊक नसते. जाड चेतातंतू कमी प्रवाहालाही उत्तर देतात आणि जाड तंतू असतात ते मोठ्या, लवकर दमणाऱ्या टोळ्यांचे. त्यातच इलेक्ट्रोडला जे तंतू जवळचे तेही आधी पेटतात. म्हणजे निसर्गाचा क्रम काही अंशी उलटतो, आणि उलटला नाही तरी विस्कटतो नक्कीच. शिवाय प्रत्येक झटक्याला त्याच त्या टोळ्या एकदम ओढतात. पाळी नाही, विसावा नाही. ओढ सलग राहावी म्हणून सेकंदाला वीस ते चाळीस झटके द्यावे लागतात, त्याने दमणूक आणखी वाढते. भरीस भर म्हणजे बराच काळ लुळ्या राहिलेल्या स्नायूतले चिवट तंतूही हळूहळू लवकर दमणाऱ्या प्रकारात बदलतात. महिनोन् महिने विजेने व्यायाम दिला तर हा बदल काही प्रमाणात मागे फिरवता येतो, म्हणून अशा रुग्णांना आधी बरेच दिवस नुसता व्यायामच करावा लागतो. तो घाईने करून चालत नाही. वापर नसल्याने पायाची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि विजेने जोरात आखडलेला स्नायू असे हाड मोडूही शकतो.

थकवा कसाबसा जिंकला तरी तोल उरतोच. आपण चालतो तेव्हा तळव्याकडून, गुडघ्याकडून, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून मेंदूकडे सतत खबर येत असते. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला पायाकडून काहीच कळत नाही. तो खाली बघून पाऊल टाकतो आणि शरीराचा बराच भार हातांनी पेलतो. डेटनच्या प्रयोगशाळेतही आधाराचे दांडे होते, अंगाला पट्टे होते. चित्र पाहताना नजर पायांवर खिळते, त्यामुळे हात काय करत आहेत हे कोणी पाहत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये ‘पॅरास्टेप’ नावाच्या उपकरणाला सरकारी मान्यता मिळाली. त्यात त्वचेवर इलेक्ट्रोड, कमरेला पेटी, आणि बटणे बसवलेला वॉकर असे. ते वापरून माणसे खरोखर चालत. उभे राहण्याने, व्यायामाने त्यांना बरेही वाटे. पण चाल इतकी संथ आणि दमवणारी की बाजारात जायचे तर खुर्चीच बरी. चाकाच्या खुर्चीने दोन किलोमीटर जाणारा माणूस शंभर-दीडशे मीटर चालण्यासाठी घामाघूम का होईल? तो व्यायाम म्हणून होईल, प्रवास म्हणून नाही. बातमीने हा फरकच पुसून टाकला.

आता या विद्येचे जे रूप खरोखर रुजले त्याकडे वळू. तेही पायाचेच आहे, पण किती मर्यादित! अर्धांगवायूतून उठलेला माणूस चालताना आपण पाहिला असेल. त्याचे पाऊल पुढच्या बाजूने लोंबते, चवडा जमिनीला घासतो आणि ते चुकवण्यासाठी तो पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकतो. लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये यावर एक साधा उपाय मांडला. बुटाच्या टाचेत एक खटका बसवला. टाच उचलली गेली की खटका मोकळा होऊन विजेचे झटके सुरू होतात, पाऊल वर उचलले जाते. टाच टेकली की झटके बंद. झटके कुठे द्यायचे? विद्यार्थ्यांना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, बोटाने चाचपायला सांगा. एक हाडाचा उंचवटा लागेल. पावलाचा चवडा उचलणाऱ्या स्नायूंची चेता त्याच्या मागून वळसा घेऊन कातडीच्या अगदी जवळून जाते. इलेक्ट्रोड तिथेच लावतात. (चाचपण्यापुरतेच ठेवावे. घरच्या बॅटरीने किंवा ट्रान्सफॉर्मरने हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये, आणि छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर अशा यंत्राजवळही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.)

हे उपकरण आम्हाला फार आवडते, कारण ते एकच काम करते आणि ते काय करते हे सहावीतल्या मुलालाही समजते. यात थकवा फारसा आड येत नाही. पाऊल उचलायला थोडेच बळ लागते आणि दर पावलाला स्नायूला विश्रांती मिळते. तोल, कंबर, गुडघा हे सगळे माणूस स्वतःच सांभाळतो. तरीही कौतुक आवरते घेतले पाहिजे, कारण याच कामासाठी प्लॅस्टिकचा साधा स्प्लिंटही मिळतो, तोही बुटात बसतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. २०१३ आणि त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दोन्ही गटांच्या चालण्याच्या वेगात सारखीच सुधारणा दिसली. वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना विजेचे उपकरण अधिक आवडले, हेही खरे. त्यात घोटा मोकळा राहतो. पण ‘आवडले’ आणि ‘जास्त गुणकारी ठरले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि किमतीतला फरक मोठा असल्याने ती वेगळी ठेवणे भाग आहे.

वर आम्ही सतत ‘चेतेला झटका’ असे म्हणत आलो. स्नायूला झटका असे मुद्दामच म्हटले नाही. सगळा प्रकार इथेच अडतो किंवा सुटतो. बोलताना आपण चेतेला नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो, त्यामुळे ‘नसेला करंट दिला’ म्हणजे नेमके काय हे सांगणाऱ्यालाही स्पष्ट नसते. चेता शाबूत असेल तर सेकंदाच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढा छोटा झटकाही तिला पुरतो, ती पेटते आणि स्नायूला संदेश देते. चेताच मेली असेल तर स्नायूला थेट उत्तेजित करावे लागते, आणि त्यासाठी झटका कित्येक पट लांब, सेकंदाच्या शंभराव्या किंवा दहाव्या भागाएवढा लागतो. असा लांब झटका त्वचा भाजू शकतो, आणि त्यातून मिळणारी हालचालही ओबडधोबडच असते. व्हिएन्नातल्या गटाने अशा स्नायूंना वर्षानुवर्षे रोज उद्दीपित करून त्यांचा आकार बराच परत आणला, पण ते काम वेगळ्या यंत्रांचे आणि वेगळ्या चिकाटीचे आहे. म्हणून अर्धांगवायू किंवा मज्जारज्जूची इजा आणि पोलिओ यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या दोन्हींत वरून येणारा हुकूम तुटलेला असतो, पण मज्जारज्जूतून स्नायूकडे जाणारी चेता बहुधा जिवंत असते. पोलिओत मुकादमच मरतो. भारतात फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले तेच मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, तरी लहानपणी पोलिओ झालेली माणसे आपल्या आसपास आहेत, आपल्यातल्या काही शिक्षकांनाही तो झालेला आहे. ‘अमेरिकेत विजेने चालवतात म्हणे’ हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले असेल! त्या बातम्यांत चेता जिवंत असल्याची अट कोणी लिहिली असती, तर त्यांना हे नातेवाइकांना पुन्हा पुन्हा समजावत बसावे लागले नसते.

आपल्या गावातले सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे तोंड वाकडे होणे. एका सकाळी आरशात पाहावे तर चेहऱ्याची एक बाजू लोंबलेली, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी सांडते. याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याची चेता सुजून कामातून जाते. घरचे लोक घाबरतात आणि मग रोज ‘करंट घ्यायला’ जाणे सुरू होते. दोन-तीन महिन्यांत तोंड सरळ होते आणि श्रेय करंटला मिळते. पण हा आजार झालेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक काहीही उपचार न घेता पूर्ण बरे होतात. म्हणजे करंट घेतलेल्या दहा जणांपैकी सात जण बरे झाले, यावरून करंटबद्दल काहीच कळत नाही. कळायचे तर करंट न घेतलेला गट शेजारी ठेवावा लागतो. अशा चाचण्यांचा २०११ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात विजेच्या उपचाराने फायदा होतो असा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. याउलट पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे चांगल्या चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. तेव्हा तोंड वाकडे झाले की पहिली धाव कुठे घ्यायची, हे उघड आहे. वर्गात नियंत्रित प्रयोग शिकवताना बीजांकुरणाच्या कुंड्यांबरोबर हेही उदाहरण घेता येईल. मुलांनी हे घरी पाहिलेले असते.

जाता जाता पोटाच्या पट्ट्यांचा उल्लेख करायला हवा. बसल्या जागी विजेने पोट सपाट करून देणारे पट्टे दूरचित्रवाणीवर विकले जातात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्ये अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या जाहिरातींबद्दल कारवाई केली. स्नायू आखडतो म्हणजे त्याच्यावरची चरबी वितळते, असे कुठल्याच शरीरशास्त्रात लिहिलेले नाही. या विषयाला याहून जास्त जागा देण्याची आमची तयारी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. मानेत मज्जारज्जूला इजा झाली तर पायांबरोबर हातही जातात. खांदा आणि कोपर थोडे हलतात, पण बोटे मिटत नाहीत. घास भरवावा लागतो, दात घासून द्यावे लागतात, पेन धरता येत नाही. क्लीव्हलंडमध्ये हंटर पेकहॅम यांच्या गटाने अशा माणसांसाठी कित्येक वर्षे खपून ‘फ्रीहँड’ नावाचे उपकरण बनवले. छातीत कातडीखाली एक छोटा उद्दीपक, त्याच्यापासून निघून हातातल्या स्नायूंपर्यंत गेलेल्या आठ तारा, आणि दुसऱ्या बाजूच्या खांद्यावर चिकटवलेला एक संवेदक. तो खांदा पुढे-मागे हलवला की मूठ मिटते, उघडते. पेला धरण्याची पकड आणि किल्ली धरण्याची पकड, अशा दोन पकडी त्यात होत्या. थकवा इथेही आहे, पण पेला उचलायला कितीसे बळ लागते! १९९७ मध्ये याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सुमारे अडीचशे लोकांच्या शरीरात ते बसवले गेले. ते वापरणारी माणसे कोणाच्या मदतीशिवाय जेवू लागली, लिहू लागली. २००१ मध्ये कंपनीने ते विकणे थांबवले. उपकरण निकामी ठरले म्हणून नाही. गिऱ्हाइके थोडी, शस्त्रक्रिया खर्चिक, नफ्याचे गणित जुळेना म्हणून. या घटनेवर कोणी चित्रपट काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

रुग्णांना काय हवे होते, हे पुढे २००४ मध्ये एका पाहणीत विचारले गेले. स्वतः मज्जारज्जूची इजा झालेल्या संशोधिका किम अँडरसन यांनी ६८१ रुग्णांकडून उत्तरे मिळवली. हातपाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी हाताला पहिली पसंती दिली. फक्त पाय गेलेल्यांच्या यादीतही चालणे पहिले नव्हते. तिथे लैंगिक जीवन पहिले होते, आणि लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांना फार महत्त्वाचा वाटत होता. ज्याने कधी कॅथेटर हाताळला असेल त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. या विषयावर चारचौघांत बोलले जात नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

त्याच कामासाठी इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक उपकरण यशस्वी करून दाखवले. माकडहाडाजवळच्या चेतामुळांना झटके दिले की मूत्राशय आकुंचन पावते. अडचण अशी की त्याच मुळांतून मूत्रमार्ग बंद करणाऱ्या स्नायूलाही संदेश जातो, म्हणजे टाकी दाबायची आणि तोटीही घट्ट करायची असा प्रकार होतो. ब्रिंडलींनी झटके थांबून थांबून दिले. तोटीचा स्नायू चपळ असतो, झटका थांबताच तो सैल पडतो. मूत्राशयाचा स्नायू सुस्त, त्याचा दाब झटक्यानंतरही थोडा वेळ टिकतो. त्या मधल्या वेळात लघवी वाहून जाते. एकाच्या सुस्तपणाचा आणि दुसऱ्याच्या चपळपणाचा असा उपयोग करून घेणे, हे आमच्या मते या सगळ्या शाखेतले सर्वांत देखणे काम आहे. त्याचीही किंमत मोजावी लागते. त्याबरोबर बहुधा काही संवेदी चेतामुळे कायमची कापली जातात आणि त्यामुळे शरीराच्या उरल्यासुरल्या काही प्रतिक्षिप्त क्रिया जातात. हजारो रुग्णांनी ती किंमत समजून उमजून मोजली.

अलीकडच्या बातम्यांत विजेचे स्थान बदलले आहे. स्नायूकडे जाणाऱ्या चेतेऐवजी खुद्द मज्जारज्जूवर, पाठीच्या कण्यात इलेक्ट्रोड बसवून झटके देतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या कुर्तीन आणि ब्लॉक यांच्या गटाने अशा रुग्णांच्या चालण्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये लोझानच्या गटाने मेंदूतले संकेत वाचून ते मज्जारज्जूपर्यंत पोचवण्याचाही प्रयोग केला. शास्त्र म्हणून हे नवे आणि महत्त्वाचे आहे. इथे वीज स्नायूला सरळ ओढतेच असे नाही. अनेकदा ती इजेखालच्या जागेला जागे ठेवते, म्हणजे वरून झिरपणारा क्षीण हुकूमही तिथे ऐकू जातो. पण मथळे मात्र १९८२ चेच आहेत: ‘लुळा माणूस चालला’. रुग्ण किती, आधार कशाचा, किती महिन्यांच्या सरावानंतर, यंत्र बंद केल्यावर काय उरले, आणि इजा पूर्ण होती की थोडे धागे शिल्लक होते, हे शोधायला मूळ निबंधच उघडावा लागतो. तिथे ते सगळे प्रामाणिकपणे लिहिलेले असते, हेही सांगितले पाहिजे.

गंमत अशी, की लोझानच्या या शास्त्रज्ञांनी काढलेल्या कंपनीच्या ज्या उपकरणाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पहिली परवानगी मिळाली, ते चालण्याचे नाही. ते हाताचे आहे. मानेच्या मागे त्वचेवर इलेक्ट्रोड लावायचे, शस्त्रक्रिया नाही, आणि त्याबरोबर हाताचा व्यायाम करायचा. मानेत अपुरी इजा झालेल्या साठ जणांवर चौदा केंद्रांत चाचणी झाली. तिचा अहवाल २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला आणि ७२ टक्के लोकांच्या हाताचे बळ आणि काम दोन्ही सुधारले असे त्यात आहे. आमचे बोट एका ठिकाणी अडते: शेजारी ठेवलेला वेगळा गट या चाचणीत नव्हता. सगळ्यांना आधी दोन महिने नुसता व्यायाम आणि मग दोन महिने व्यायामाबरोबर वीज, अशी तिची रचना होती. एकूण चार महिन्यांच्या सरावाने काय साधले आणि विजेने किती, हे त्यातून पुरते वेगळे करता येत नाही. इजेला वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांत आपोआप सुधारणा फारशी होत नाही, हा मुद्दा चाचणी करणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो वजनदार आहे. त्या साठ जणांत इजेला कित्येक वर्षे झालेले लोकही होते.